मुसीचा पूर आणि गंडीपेटचे पाणी
(सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कार्याची ओळख)

गंडीपेटचे पाणी एकदा प्यायले की माणूस हैदराबाद सोडत नाही, असे इथली जुनी माणसे सांगतात. आपल्यापैकी कितीतरी घरांना हे लागू पडते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळात कुणाचे आजोबा नांदेडहून वकिलीसाठी आले, कुणाचे पणजोबा परभणीहून सरकारी नोकरीसाठी आले. गौळीगुडा, जांबाग, सुलतानबाजार, काचीगुडा या भागांत बिऱ्हाडे थाटली गेली, विवेकवर्धिनीत मुलांची नावे घातली गेली आणि परत जायचे राहून गेले. नळ सोडला की गंडीपेटचे पाणी येत होते. ते कुठून येते आणि कुणामुळे येते, हा विचार रोज कोण करणार?

तो विचार करावा लागू नये, यासाठी ज्यांनी एका उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हैदराबादेत बसून हिशेब मांडला, ते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो आणि तो बहुधा गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतो. म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागराचे शिल्पकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण आपल्या शहराशी आणि आपल्या महाराष्ट्राशी असलेले त्यांचे नाते तितकेसे सांगितले जात नाही. ते सांगण्याचा हा प्रयत्न.

पुण्यात शिकलेला मुलगा

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या लहानशा गावचा. घराणे मूळचे तेलुगू, आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचे. गावाचे नाव आडनावासारखे कायम राहिले. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते. मुलगा लहान असतानाच ते वारले आणि घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना विश्वेश्वरय्यांनी मुलांच्या शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवला. १८८१ साली ते बी. ए. झाले. पुढे इंजिनियर होण्यासाठी म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या इंजिनियरिंग कॉलेजात, दाखल झाले. १८८३ साली ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली आणि १८८४ साली त्यांनी नाशिकला कामाला सुरुवात केली.

तिथून पुढची सुमारे चोवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्राखालून कालव्याचे पाणी नळाने पलीकडे नेण्याचे काम त्यांनी नोकरीच्या सुरुवातीलाच केले. पुण्यात असताना न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. लोकांच्या दैन्याचे कारण शोधावे, त्याची आकडेवारी मांडावी आणि मगच उपाय सुचवावा, ही रानड्यांच्या पुण्याची पद्धत होती. विश्वेश्वरय्यांच्या कामात ती आयुष्यभर दिसते.

सिंधमधल्या सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि नगरपालिकेकडे गाळणीच्या हौदांइतके पैसे नव्हते. त्यांनी नदीच्या पात्रातच काठाजवळ विहीर खणली आणि तिच्या तळाशी नदीच्या वाळूखालून बोगदा काढला. वाळूतून झिरपलेले स्वच्छ पाणी विहिरीत येऊ लागले आणि गाळणीचे काम नदीच्या वाळूनेच केले. महागडे यंत्र परवडत नसेल तर जागेवर काय आहे ते पाहावे, हा त्यांचा विचार या कामात स्पष्ट दिसतो.

खडकवासल्याचे दरवाजे तर पुणेकरांच्या माहितीतले आहेत. खडकवासल्याचे जुने धरण पुण्याला पाणी पुरवत होते, पण पावसाळ्यात बरेचसे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात तुटवडा पडे. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर वजनांच्या तोलावर चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडत आणि पाणी उतरले की आपोआप मिटत. १९०३ साली ते बसले आणि भिंतीला हात न लावता साठा आठ फुटांनी वाढला. मध्यरात्री पूर आला तरी चौकीदाराने धावत जाऊन दरवाजा उघडण्याची गरज राहिली नाही. असेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावर बसवले गेले.

एडनच्या बंदराला पाणी आणि गटारे कशी देता येतील याचा अभ्यासही त्यांनी केला. मुंबई सरकारात त्यांची बढती अनेक वरिष्ठांना ओलांडून झाली होती. पण सर्वांत वरचे पद त्या काळी हिंदी माणसाला मिळणे कठीणच होते. हे ओळखून त्यांनी पूर्ण मुदतीआधीच नोकरी सोडण्याचे ठरवले आणि १९०८ साली ते परदेशप्रवासाला निघाले. याच वर्षी हैदराबादवर आकाश कोसळले.

२८ सप्टेंबर १९०८

तो सोमवार होता. अनंतगिरीच्या डोंगरातून येणारी मुसी एरवी उन्हाळ्यात पायी ओलांडता येण्याजोगी नदी. त्या दिवशी ती शहरात शिरली. अफजलगंज, चादरघाट आणि काठावरचे मोहल्ले पाण्याखाली गेले. हजारो घरे कोसळली. सुमारे १५ हजार माणसे दगावली असे सांगितले जाते. पूल मोडले, कुतुबशाही काळातला, १५७८ सालचा पुरानापूल तेवढा टिकला. आज उस्मानिया इस्पितळाच्या आवारात उभे असलेले चिंचेचे झाड दीडशे माणसांना फांद्यांवर आधार देत राहिले, ही गोष्ट हैदराबादेत घरोघरी माहीत आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीकाठी येऊन तिची पूजा केली, अशी आठवण लोक अजून सांगतात. बेघरांसाठी वाड्यांचे दरवाजे उघडले गेले, अन्नछत्रे चालली. सरोजिनी नायडूंनी मदतकार्यात स्वतःला झोकून दिले.

पूर ओसरला आणि प्रश्न उरला. पुन्हा असे झाले तर? निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना तार केली. ते युरोपात होते. हाती घेतलेला प्रवास पुरा करून येतो, असे त्यांनी कळवले आणि एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत दाखल झाले.

सरकारने त्यांच्यावर तीन कामे सोपवली होती. उद्ध्वस्त शहराच्या पुनर्रचनेत सल्ला देणे, शहराला पुन्हा पुराचा धोका राहू नये यासाठी योजना आखणे आणि हैदराबाद व चादरघाटसाठी भुयारी गटारांची संपूर्ण योजना तयार करणे. पहिली दोन कामे पुरामुळे आलेली. तिसरे काम मात्र पुराच्या आधीपासून शहराला पोखरत असलेल्या आजाराचे होते.

पाण्याचा हिशेब

एवढे पाणी आले कुठून, हे त्यांना आधी शोधायचे होते. पुराच्या खुणा, नदीच्या पात्राची मापे, पावसाच्या नोंदी सगळे त्यांनी गोळा केले. शहराच्या वरच्या अंगाला मुसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैलांचे होते आणि त्यात लहानमोठे ७८८ तलाव होते. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक तलाव. पूर्वजांनी शेतीसाठी बांधलेली ही साखळी शतकानुशतके चालत आली होती. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत जवळजवळ १९ इंच पाऊस झाला. वरचा एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे, तो फुटला की दोघांचे मिळून तिसऱ्यावर. असे २२१ तलाव त्या पुरात फुटले. शहरापाशी पुराचा लोंढा सेकंदाला सव्वाचार लाख घनफुटांवर गेला असावा, असा त्यांचा हिशेब निघाला.

या हिशेबाने एक गोष्ट स्वच्छ झाली. पूर म्हणजे निव्वळ दैवी कोप नव्हता. पाऊस दैवाचा खरा, पण आधारासाठी बांधलेले तलावच एकामागून एक फुटल्याने लोंढा वाढला होता. माणसाने बांधलेली गोष्ट माणसाला तारते, आणि तिचा बांध फुटला तर तीच बुडवते.

दुसरे असे की शहरात नदीच्या दोन्ही काठांना भिंती बांधून एवढे पाणी आवरणार नव्हते. वस्ती काठापर्यंत आली होती, पात्र रुंद करायलाही मर्यादा होती. म्हणून पाणी शहरात येण्याआधीच अडवायचे. मुसीवर शहराच्या साडेआठ मैल वर एक धरण, आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर साडेसहा मैल वर दुसरे. पूर आला की जास्तीचे पाणी तिथे थांबेल आणि पात्राला पेलेल इतकेच हळूहळू खाली सोडता येईल. त्याच साठ्यातून शहराला पिण्याचे पाणी मिळेल. शहरातले काठ उंच करून तिथे बागा आणि फिरायला रस्ते करावेत, म्हणजे पुराच्या तोंडी घरे उभी राहणार नाहीत, असेही त्यांनी सुचवले. ऑक्टोबर १९०९ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला आणि पुढच्याच महिन्यात ते म्हैसूरला मुख्य इंजिनियर म्हणून रुजू झाले.

या योजनेत एक गोम होती आणि ती विश्वेश्वरय्यांना ठाऊक होती. पिण्याच्या पाण्यासाठी धरण भरलेले असावे लागते आणि पूर अडवण्यासाठी त्यात रिकामी जागा असावी लागते. एकाच भांड्याकडून या दोन उलट अपेक्षा. म्हणून पुरासाठी किती जागा राखून ठेवायची, हे आधी ठरवून मगच उरलेले पाणी नळाला द्यायचे, असा हिशेब बांधावा लागतो. धरणातली ती रिकामी जागा पाहणाऱ्याला वाया गेलेली वाटते, पण शहराला वाचवते तीच.

दिसणारे आणि न दिसणारे

१९११ साली महबूब अली खान वारले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. मुसीवरचे धरण १९२० साली पुरे झाले, तेच उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट. ईसीवरचे हिमायतसागर १९२७ साली पुरे झाले. विश्वेश्वरय्यांनी आराखडा दिला आणि तो उभारण्याचे श्रम इथल्या इंजिनियरांनी आणि मजुरांनी केले. जिथे पुराने हाहाकार केला होता त्याच काठांवर हायकोर्ट आणि उस्मानिया इस्पितळाच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या.

धरणे लोकांना दिसतात, त्यांच्यावर कोनशिला बसतात. गटारांचे तसे नसते. घराघरातले शौचकूप, शेजारीच विहीर, उघड्या मोऱ्यांतून मुसीकडे वाहणारी घाण, पटकी आणि प्लेग यांच्या साथी, हे त्या काळच्या शहराचे रोजचे जिणे होते. पुरात माणसे एका दिवसात गेली म्हणून राज्य हादरले. साथींत ती थोडी थोडी जात, म्हणून कुणी तार केली नाही. विश्वेश्वरय्यांनी मात्र दोन्ही कामे सारख्याच काळजीने केली. सांडपाणी झाकलेल्या नळांतून वस्तीपासून दूर नेण्याची त्यांची योजना पैशांअभावी बरीच वर्षे कागदावरच राहिली. १९२२ साली निजाम सरकारने त्यांना पुन्हा बोलावले आणि त्यानंतर भुयारी गटारांच्या कामाने वेग घेतला.

विहिरीवर रहाट ओढणाऱ्या बाईच्या दारात नळ आला तेव्हा तिचे दिवसाचे किती तास वाचले असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही. पटकी न झालेल्या मुलाची नोंद होतच नाही. शहरातले तंत्र नीट चालले की त्याचा परिणाम असा न घडलेल्या गोष्टींत असतो. म्हणूनच अशा कामाचा विसर लवकर पडतो.

विश्वेश्वरय्या तोवर म्हैसूरचे दिवाणपद भूषवून मोकळे झाले होते. १९१२ ते १९१८ या सहा वर्षांत म्हैसूर विद्यापीठ, बँक, भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची तयारी अशी कितीतरी कामे त्यांनी मार्गी लावली. कृष्णराजसागराचे काम त्यांच्या काळात जोमाने चालू होते. ते १९३१ साली पूर्ण झाले. १९१५ साली त्यांना सर हा किताब मिळाला. देशाच्या आर्थिक नियोजनावर त्यांनी १९३४ साली पुस्तक लिहिले. १९५५ साली भारतरत्न आले. १९६० साली त्यांची शताब्दी ते हयात असतानाच साजरी झाली. नीटनेटका पोशाख, वेळेची शिस्त आणि हाती घेतलेल्या विषयाची बारीक टिपणे हा त्यांचा शिरस्ता अखेरपर्यंत टिकला. एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरात त्यांचे निधन झाले.

त्याच्या नऊ महिने आधी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे नवे धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्यावर आदळला, तेही जुने धरण फुटले आणि पुणे पाण्याखाली गेले. वरचा बांध फुटून खालचा फोडतो, हे मुसीच्या काठी विश्वेश्वरय्यांनी ५२ वर्षांपूर्वी मांडलेले गणित होते. ज्या पुण्यात ते शिकले आणि ज्या धरणावर त्यांनी आपले दरवाजे बसवले, तिथेच ते दुर्दैवाने खरे ठरले.

आपल्या वाट्याचे काम

आज हैदराबादला मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचे पाणी दूरवरून येते. शहर इतके वाढले की गंडीपेट आणि हिमायतसागराचा त्यातला वाटा लहान राहिला. मग पिण्यासाठी त्यांची गरज ती काय, असा प्रश्न निघतो. या दोन्ही तलावांभोवतीच्या १० किलोमीटर टापूत मोठी बांधकामे होऊ नयेत म्हणून १९९६ साली १११ क्रमांकाचा सरकारी आदेश निघाला होता. २०२२ साली ते निर्बंध उठवण्याचा निर्णय झाला. त्या टापूतल्या गावकऱ्यांचे म्हणणेही खोटे नाही. शेजारी जमिनींना सोन्याचे भाव येत असताना पाव शतक आपल्याच जमिनीवर त्यांना काही करता आले नाही. शहराच्या सुरक्षिततेची किंमत त्यांनी एकट्यांनी का मोजावी? हा प्रश्न न्यायाचा आहे आणि त्याचे उत्तर मोबदल्याने द्यायला हवे.

पण ते तलाव आता लागत नाहीत, हे उत्तर मात्र बरोबर नाही. ते मुळात नळासाठी बांधलेलेच नव्हते. ते पुरासाठी बांधले आणि नळाचे पाणी हा जोडलाभ होता. त्यांच्या पाणलोटात काँक्रीट झाले तर मुरणारे पाणी धावत येईल आणि १९०९ सालचा हिशेब चुकेल. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू या तलावांचे बांध फुटले आणि जुन्या शहरातल्या वस्त्या बुडाल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिले. तलाव फुटून शहर बुडण्याची ही गोष्ट ११२ वर्षांची जुनी होती.

आता पावसाचा इशारा मोबाइलवर येतो, रस्त्यावरचे पाणी कॅमेऱ्यात दिसते. हे चांगलेच आहे; १९०८ साली एवढे जरी असते तरी हजारो जीव वाचले असते. पण इशारा माणसाला हलवू शकतो, पाण्याला जागा देऊ शकत नाही. ती जागा तलावात, नाल्यात आणि नदीच्या पात्रातच राखावी लागते. विश्वेश्वरय्यांनी तंत्राकडे असेच पाहिले. आधी पाऊस मोजायचा, मग त्याला जागा नेमून द्यायची आणि ती जागा कितीही रिकामी दिसली तरी मोडायची नाही.

हुसेनसागर १५६२ सालचा. आपल्या गणरायांचे विसर्जन जिथे होते तो हा तलावही कुणीतरी असाच हिशेब करून बांधला होता. या वर्षी बाप्पाला निरोप देऊन परतताना आपल्या वस्तीतला नाला कुठून येतो, कुठे जातो आणि वाटेत कुणी बुजवला आहे का, एवढे प्रत्येकाने पाहावे. मंडळातल्या तरुण इंजिनियरांनी त्याचा नकाशा करून तो महापालिकेपुढे ठेवावा. गंडीपेटचे पाणी प्यायलेल्यांनी विश्वेश्वरय्यांचे ऋण याच मार्गाने थोडेफार फेडता येईल.